‘टॅली येतं’ एवढ्यावर आता भागेल का? अकाउंटंट मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांत, दुकानांत, सीएच्या ऑफिसांत हिशेब सांभाळणारी मंडळी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मूळ प्रश्न एकच, नोकरी टिकेल का? बाकीचे त्याचेच फाटे. उत्तरं खासगी नोकरीतल्या अकाउंटंटसाठी आहेत. सरकारी लेखा विभागाचं गणित वेगळं असतं. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे विषय एकमेकांत जातात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी बारा वर्षं टॅलीवर काम करतोय. माझी नोकरी जाईल का?

बारा वर्षांपेक्षा तुमच्या एका दिवसातले आठ तास कशात जातात, यावर ते ठरेल. बिलांचा गठ्ठा समोर ठेवून परचेस-सेल्सच्या एंट्र्या मारण्यात दिवस संपत असेल, तर धोका खरा आहे. बँक स्टेटमेंट आता एक्सेलमधून थेट टॅलीत ओढता येतं. पीडीएफ बिलावरून व्हाउचर तयार करणारी सॉफ्टवेअर छोट्या ऑफिसांतही आली आहेत. जिथे तिघे एंट्रीला बसायचे तिथे एक जण बसतो, आणि तोही एंट्री मारायला कमी, तपासायला जास्त.

उलट पार्टीचं खातं जुळवणं, क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) कुठे अडकलं ते शोधणं, सीएकडे ट्रायल (सगळ्या खात्यांच्या बाकींचा तक्ता) जाण्याआधी सस्पेन्स, म्हणजे उलगडा न झालेल्या नोंदींचं खातं, रिकामा करणं, नोटिशीला आकडे काढून देणं ही कामं ज्याच्याकडे असतात, त्याला शेठ सहजासहजी सोडत नाही. मागच्या महिन्यात टाइप करण्यापलीकडे तुम्ही काय काय सोडवलंत, त्याची कागदावर यादी करून बघा. यादी चार ओळींच्या पुढे जात नसेल, तर पुढचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

२. असं काय बदललं की जुनं ज्ञान पुरेना?

जुलै २०१७मध्ये जीएसटी आला हे सगळ्यांना माहीत आहे. पण खरा फरक नंतरच्या वर्षांत थोडा थोडा करून पडला, आणि तो एकाच दिशेने पडला: झालेली चूक मागाहून निस्तरायला मिळणारा वेळ कमी होत गेला.

ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झाला, तेव्हा लहान फर्मनी तिकडे बघितलंही नाही. १ ऑगस्ट २०२३ला मर्यादा ५ कोटींवर आली आणि भोसरी-सातपूरकडची मध्यम वर्कशॉपंही त्यात ओढली गेली. १ जानेवारी २०२२पासून पुरवठादाराने बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नसेल तर तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. जुलै २०२५च्या रिटर्नपासून थ्री-बीमध्ये (कर भरायच्या रिटर्नमध्ये) आपोआप येणारा विक्रीवरचा कर हाताने बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर त्याआधी वन-एमधून, म्हणजे विक्रीचा तपशील दुरुस्त करायच्या फॉर्ममधून. आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३पासून एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कुणी कधी बदलली याची आपोआप राहणारी नोंद, बंधनकारक आहे (प्रश्न १८ पाहा).

पूर्वी ‘ऑडिटला बघू’ म्हणून बाजूला सारलेली गोष्ट सप्टेंबरपर्यंत निवांत पडून राहायची. आता मासिक रिटर्न भरणाऱ्याला ११ तारखेला विक्रीचा तपशील द्यायचा, १४ला टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलने काढलेली तुमच्या क्रेडिटची यादी) येणार, २०ला थ्री-बी. बिलावर जीएसटी नंबर चुकलाय हे ११च्या आत ज्याला दिसतं, असा माणूस मालकाला हवा आहे. टायपिंगचा वेग त्याला फारसा कामाचा नाही.

३. शिकायला सुरुवात नेमकी कुठून करू? यादी वाचूनच घाबरायला होतं.

तुमच्याच ऑफिसच्या मागच्या महिन्याच्या टू-बीपासून. ती डाउनलोड करा, टॅलीतलं परचेस रजिस्टर एक्सेलमध्ये काढा आणि दोन्ही जुळवायला बसा. बाहेरचा माणूस हे काम करत असेल, तर त्याचं उत्तर न बघता स्वतः करा आणि शेवटी ताडून पाहा. यात एक्सेल येतं, जीएसटीचे नियम येतात, पार्टीशी बोलणं येतं आणि आपल्याच एंट्र्यांतल्या चुका उघड्या पडतात. त्यानंतर टीडीएस, मग येणी-देणी आणि रोख रकमेचा अंदाज. पगारपत्रक, एसएपी (मोठ्या कंपन्यांत चालणारं सॉफ्टवेअर), पॉवर बीआय (आकड्यांचे अहवाल बनवायचं साधन) वगैरे त्याच्या पुढे. सगळं एकदम धरलं की काहीच हाताला लागत नाही.

४. एक्सेल किती यायला हवं?

जाहिरातींत ‘अॅडव्हान्स एक्सेल’ म्हणतात, पण अकाउंट्समध्ये रोज लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: सम-इफ्स, पिव्हट टेबल, व्हीलूकअप किंवा एक्सलूकअप, ट्रिम, मजकुराचा आकडा आणि आकड्याचा मजकूर करणं, डुप्लिकेट शोधणं. मुलाखतीत एक्सलूकअपचं नाव घ्याल तर एवढं लक्षात असू द्या, की ते २०२१च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये मिळतं. २०१६च्या एक्सेलवर चालणाऱ्या ऑफिसात नाही. तिथे व्हीलूकअपच कामी येतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो, पॉवर क्वेरी शिका. २०१६पासून ती एक्सेलच्या आतच आहे आणि तरी बहुतेक अकाउंटंटनी तो टॅब उघडलेला नसतो. दर महिन्याला तोच तक्ता, त्याच कॉलमची तीच साफसफाई असेल, तर एकदा पायऱ्या बसवायच्या आणि पुढच्या महिन्यापासून फाइल बदलून ‘रिफ्रेश’ करायचं. मॅक्रोच्या मागे लागण्याआधी हे करा.

५. टू-बी जुळवताना बिल दोन्हीकडे डोळ्यांना दिसतं, तरी एक्सेल ‘सापडलं नाही’ म्हणतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा बिल नंबर. पुरवठादाराने पोर्टलवर ‘एसएल/००४५/२५-२६’ टाकलेलं असतं आणि तुमच्या टॅलीत कुणीतरी घाईत नुसतं ‘४५’ मारलेलं असतं. माणसाला ते एकच वाटतं, एक्सेलला नाही. दुसरी खोड म्हणजे बिल नंबर ‘१२/२५’ असेल तर एक्सेल त्याची परस्पर तारीख करून टाकतो. तिसरी, जीएसटी नंबरच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. ती दिसत नाही, पण जुळणी अडवते. ट्रिम वापरा, आणि डेटा आणण्याआधी बिल नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

माझी पद्धत अशी: पहिल्या फेरीत बिल नंबरकडे बघायचंच नाही. जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम जोडून एक कॉलम दोन्हीकडे तयार करायचा, रक्कम रुपयात पूर्ण करून घ्यायची म्हणजे पैशांचा घोळ राहत नाही, आणि त्यावर जुळवायचं. बराचसा भाग इथेच निघून जातो. उरलेल्यात बिल नंबर बघायचा. एकाच पार्टीची सारख्याच रकमेची दोन-तीन बिलं असतील तर ही युक्ती फसते. तेवढी हाताने बघायची.

शेवटी जे उरतं तेच खरं काम. कुणी तिमाही रिटर्न भरतो म्हणून त्याचं बिल उशिरा येणार. कुणी राज्यातल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लावलाय. कुणी बिल भलत्याच नंबरवर चढवलंय. सावंतवाडी-कोल्हापूरकडच्या ज्या फर्मची गोव्यातही नोंदणी आहे, त्यांच्याकडे हे हमखास होतं: नंबरचे पहिले दोन आकडे महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, पुढची दहा अक्षरं तीच, कारण तो पॅन. घाईत २७च्या जागी ३०वर बिल जातं आणि क्रेडिट दुसऱ्याच राज्यात दिसतं. आणि काही बिलं टू-बीत असतात पण तुमच्याकडे नोंदच नसते. ती स्टोअरमध्ये कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेली असतात.

मग पार्टीला फोन. ‘साहेब, अमुक तारखेचं बिल तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाही’ हे न भांडता, पण पेमेंट अडेल हे समोरच्याला कळेल असं सांगणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. तो कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

६. क्लासवाले ‘अॅडव्हान्स टॅली विथ जीएसटी, १०० टक्के जॉब गॅरंटी’ म्हणून मोठी फी सांगतात. घेऊ का?

आधीच नोकरीत असाल तर माझं उत्तर सहसा ‘नाही’ असतं. त्या अभ्यासक्रमातला बराच भाग लेजर कसं बनवायचं, व्हाउचरचे प्रकार कोणते, इथे जातो, आणि ते तुम्ही रोज करता. नवशिक्यासाठी गोष्ट वेगळी.

तरी घ्यायचाच असेल तर फी भरण्याआधी एक लेक्चर बसून बघा. टू-बीची जुळवणी, टीडीएस रिटर्न आणि ई-इनव्हॉइस प्रत्यक्ष करून घेणार की फक्त स्लाइड दाखवणार, ते विचारा. शिकवणाऱ्याने गेल्या वर्षभरात कुणाचं रिटर्न भरलंय का, हेही. ‘गॅरंटी’ शब्द पावतीवर लिहून मागा. बहुतेक वेळा तिथे तो ‘असिस्टन्स’ होतो. आणि फीचे हप्ते म्हणून कुठल्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर टाकत असतील तर सही करण्याआधी घरी येऊन वाचा. क्लास सोडला तरी ते हप्ते चालू राहतात.

फुकटात जीएसटी पोर्टलवरच्या मार्गदर्शिका आहेत, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर वाणिज्य शाखेचे अभ्यासक्रम आहेत, तिथे शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे.

७. सर्टिफिकेट नसेल तर कुणी उभं करेल का?

खासगी ऑफिसात अनुभवी माणसाला सर्टिफिकेटपेक्षा एक्सेलची फाइल समोर देऊन ‘हे जुळवून दाखवा’ म्हणतात. एमएस-सीआयटी सरकारी भरतीसाठी लागतं, खासगी अकाउंट्समध्ये त्याने निवड ठरत नाही. नवख्या माणसाचा अर्ज चाळणीतून पुढे सरकायला सर्टिफिकेट उपयोगी पडतं, त्यापुढे नाही.

८. बीकॉम झालेलं नाही, बारावीनंतर थेट कामाला लागलो. आता पदवीचा उपयोग होईल का?

होईल, कारण मोठ्या कंपन्यांत अर्ज संगणकावरच गाळले जातात आणि पदवीचा रकाना रिकामा असेल तर पुढचं कुणी वाचत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बीकॉम करता येतं. कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचा बारावीनंतरचा अकाउंटिंग टेक्निशियनचा अभ्यासक्रमही आहे. कारखान्यातल्या माणसाला तो जवळचा वाटेल. पुढे स्वतःचं काम करायचं असेल तर पदवीचं महत्त्व आणखी वाढतं (प्रश्न १५ पाहा). फक्त पदवी होईपर्यंत बाकीचं शिकणं थांबवू नका.

९. एसएपी शिकलो तर पगार दुप्पट होतो म्हणतात. खरं आहे का?

ज्यांचे होतात ते सहसा कन्सल्टंट असतात, आणि कन्सल्टंट होण्यासाठी एखाद्या कंपनीत एसएपी बसवण्याच्या कामात प्रत्यक्ष असावं लागतं. नुसत्या क्लासवर ते दार उघडत नाही, हे क्लासवाले सांगत नाहीत.

पण चाकण, रांजणगाव, वाळूजकडच्या मोठ्या कारखान्यात अकाउंट्सला जायचं असेल तर वापरणारा म्हणून एसएपी यायला हवं. तिथली भाषाच वेगळी. ‘मिगो झालं का? मग मिरो करून टाक’ असं म्हणतात. म्हणजे माल स्टोअरला जमा झाला असेल तर बिल नोंदव. खर्चाचं बिल एफबी६०मध्ये, पार्टीचं खातं एफबीएल१एनमध्ये. हे कोड आठवड्याभरात पाठ होतात. कठीण असतो तो त्यामागचा क्रम, म्हणजे ऑर्डर, माल जमा, बिल, या तिघांची किंमत आणि नग जुळले तरच पेमेंट. हा क्रम तुम्हाला टॅलीवर असतानाच कळत असेल तर एसएपी जड जात नाही.

शिकायचंच तर एस/४हाना शिका. जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७अखेर संपणार असल्याने कंपन्या तिकडे सरकत आहेत.

१०. वय ४८. आता शिकून कोण घेणार?

नवीन नोकरी अवघड आहे, खोटं कशाला सांगू. पण बहुतेकांना ४८व्या वर्षी नवीन नोकरीपेक्षा आहे ती टिकवायची असते, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कुठली पार्टी दर मार्चला डेबिट नोटवरून वाद घालते, कुठल्या मशीनचं कर्ज कुठल्या खात्यात चुकून पडलंय, हे २५ वर्षांच्या पोराला माहीत नसतं. त्याला पॉवर क्वेरी येते, तुम्हाला धंदा कळतो. त्याच्याकडून शिकून घ्या. अहंकार आड येतो तो इथेच. सीए इंटरची पुस्तकं या वयात विकत आणू नका, कुटुंबाचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

११. शेठ पोर्टलचा पासवर्ड देत नाहीत. सगळं बाहेरचे सीए करतात. मग सराव कसा करू?

पासवर्डचा हट्ट धरू नका, टू-बीची एक्सेल फाइल मागा. ती देण्यात कुणाचं काही जात नाही. ‘साहेब, रिटर्न जाण्याआधी मी एकदा आपल्या रजिस्टरशी ताडून देतो’ असं सीएच्या ऑफिसला म्हणालात तर ते उलट खूश होतात, कारण ती जुळवणी त्यांच्या आर्टिकलला (शिकाऊ सीएला) करावी लागते. ऑक्टोबर २०२४पासून पोर्टलवर आयएमएस आलंय, त्यात आलेलं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की लटकत ठेवायचं ते ठरवता येतं. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारल्याचं धरलं जातं. आपण न घेतलेल्या मालाचं बिल आलंय हे सीएला कुठून कळणार? ते तुम्हालाच कळतं. ही यादी दर महिन्याला तुम्ही द्यायला लागलात की लॉगिन आपोआप मिळतं.

१२. मुलांमुळे सहा वर्षं घरी होते. परत सुरुवात करायची आहे. ताई-दादा कुणीतरी सांगा, किती मागे पडलेय मी?

वाटतं तेवढ्या नाही. डेबिट-क्रेडिट बदललेलं नाही. टॅली ईआरपी ९ जाऊन २०२०अखेर टॅली प्राइम आलं. दिसायला वेगळं आहे, पण ‘ऑल्ट-जी’ दाबून हव्या त्या रिपोर्टला जाता येतं हे कळलं की आठवड्यात हात बसतो. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे मुख्य दर ५ आणि १८ टक्के झाले, काही वस्तूंवर ४०. १२ टक्क्यांचं लेजर डोक्यात असेल तर ते पुसा. बाकी प्रश्न २ मधला बदल समजून घ्या.

थेट कंपनीत अर्ज करत बसण्यापेक्षा सीएच्या ऑफिसात हंगामी काम मागा. जुलै ते ऑक्टोबर त्यांना माणसं कमी पडतात आणि चार महिन्यांत दहा प्रकारचे धंदे बघायला मिळतात. गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब हाही बरा मार्ग आहे. पैसे थोडे, पण वेळ आपल्या हातात. बायोडेटात सहा वर्षं लपवू नका. ‘कौटुंबिक कारणाने खंड’ एवढी एक ओळ पुरते.

१३. पीएफ, ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स शिकलं तर उपयोग आहे का? ते तर एचआरचं काम.

पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात एचआर म्हणजे अकाउंटंटच असतो. उपयोग आहे. आणि बारकावे इथेही आहेत: महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. एप्रिल २०२३पासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक मुद्दाम कमी ठेवलेली जुनी पगारपत्रकं पुन्हा बसवावी लागणार आहेत आणि ते ज्याला येईल त्याला मागणी राहील.

१४. टीडीएसची १९४सी, १९४जे ही कलमं पाठ केली आणि आता कायदाच बदलला. सगळं पुन्हा शिकायचं?

नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू. पगाराखेरीज बहुतेक टीडीएस आता कलम ३९३मध्ये तक्त्यांच्या रूपात आलाय, पगाराचा कलम ३९२मध्ये. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ यांची जोडी जाऊन ‘कर वर्ष’ आलं. पण कंत्राटदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म-कंपनी असेल तर २, हे तसंच. म्हणजे तुम्हाला समजलेला व्यवहार तुमच्याकडेच राहिला, फक्त पत्ता बदलला. जुना आणि नवा क्रमांक शेजारी लिहून एक पान करा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. ३१ मार्च २०२६पर्यंतच्या व्यवहारांना जुना कायदाच लागतो, त्यामुळे मागच्या वर्षांच्या नोटिशींत १९४सी अजून बरीच वर्षं भेटेल.

१५. नोकरी सोडून घरूनच चार-पाच क्लायंटचं जीएसटी करावं म्हणतो. जमेल?

वाणिज्य पदवीधर असाल तर पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते आणि क्लायंटच्या वतीने रिटर्न भरता येतं. ऑडिटवर सही करता येत नाही, तसं भासवायचंही नाही. काम मिळण्यापेक्षा पैसे वसूल होणं कठीण जातं. छोटा दुकानदार १९ तारखेला रात्री बिलं पाठवतो आणि उशिराचा दंड मात्र तुमच्यामुळे लागला म्हणतो. नोकरी चालू असताना, मालकाला सांगून, दोन क्लायंट वर्षभर सांभाळून बघा. बिलं मिळण्याची शेवटची तारीख लेखी ठरवा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

१६. चॅटजीपीटीने नोटिशीचं उत्तर लिहून घेतलं तर चालेल?

मसुदा म्हणून चालेल, जसंच्या तसं नाही. एएसएमटी-१० (रिटर्नमधल्या तफावतीबद्दलची जीएसटीची नोटीस) आली तर तिच्यात नेमकं काय विचारलंय ते सोप्या मराठीत समजून घ्यायला, किंवा तुमचं मोडकंतोडकं इंग्रजी नीट करायला हे साधन उत्तम आहे. धोका दोन ठिकाणी. ते न घडलेले निवाडे अगदी आत्मविश्वासाने देतं. बेंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०२४च्या अखेरीस दिलेल्या एका आदेशात अस्तित्वात नसलेले निवाडे आले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. तिथे ही गत, तर तुमच्या-आमच्या पत्राचं काय. दुसरं, क्लायंटचं नाव, पॅन, जीएसटी नंबर, बँक खातं त्यात टाकू नका. नावाऐवजी ‘अ’, ‘ब’ लिहा.

मुदत मात्र स्वतः बघा. विक्रीच्या तपशिलात आणि थ्री-बीत फरक पडला म्हणून येणाऱ्या डीआरसी-०१बीला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पुढचा विक्रीचा तपशील भरता येत नाही आणि गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडकतं.

१७. दुबई-मस्कतला अकाउंटंट म्हणून जायचंय. इथला अनुभव चालतो का?

चालतो, तिथल्या लहान-मध्यम फर्ममध्ये टॅली भरपूर वापरतात. पण ‘जीएसटी येतो’ एवढ्याने भागत नाही. अमिरातीत १ जानेवारी २०१८पासून ५ टक्के व्हॅट आहे, ओमानमध्ये एप्रिल २०२१पासून तेवढाच, सौदीत १५ टक्के. अमिरातीत जून २०२३पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के करही आहे, ३ लाख ७५ हजार दिरहॅमच्या वरच्या भागावर. जाण्याआधी तिथलं एक व्हॅट रिटर्न कसं भरतात ते समजून घ्या. मुलाखतीत तेच विचारतात. नोकरीसाठी एजंट उमेदवाराकडून भरमसाट पैसे मागत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा.

१८. शेठ जुन्या तारखेची एंट्री बदलायला सांगतात. एडिट लॉगमध्ये माझं नाव येतं. नाही म्हटलं तर नोकरी, हो म्हटलं तर भीती. काय करू?

आधी चूक दुरुस्त करायची आहे की कागद बदलायचा आहे ते बघा. खरी चूक असेल तर जुनं व्हाउचर उडवू नका, आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद करा आणि नॅरेशनमध्ये कारण लिहा. एडिट लॉगची सक्ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आहे, प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला नाही. पण टॅलीत तो चालू असेल तर नोंद राहतेच.

व्यवहारच झालेला नाही आणि नोंद हवी आहे, असं असेल तर ते करू नका. ‘साहेब, हे ऑडिटरच्या लॉगमध्ये दिसेल, मी सीएंना विचारून घेतो’ हे वाक्य बरंच काम करतं. तरी दबाव आला तर सूचना ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. दुसऱ्याच्या लॉगिनने काम करू नका आणि आपलं लॉगिन कुणाला देऊ नका. हे महिनोन्‌महिने चालत असेल तर दुसरी नोकरी शोधायला लागा. अशा ठिकाणी टिकून राहणं हीच जोखीम आहे.

१९. नवीन ठिकाणी कामाचा नमुना मागतात. जुन्या कंपनीची शीट दाखवू का?

नाही. पार्ट्यांची नावं, दर, उलाढाल हे त्या कंपनीचं आहे. मुलाखत घेणारा वरून खूश झाला तरी ‘हा उद्या आमचंही दाखवेल’ असं मनात म्हणतोच. खोटी नावं आणि खोटे आकडे घालून तीच शीट पुन्हा तयार करा. एका तासाचं काम आहे, आणि ते स्वतः केलेलं असल्याने त्यावर कितीही प्रश्न आले तरी अडत नाही.

२०. सगळं शिकलो. आता ऑफिसमधलं सगळं माझ्याच गळ्यात आलंय आणि पगार तोच. हेच हवं होतं का?

हे फार जणांचं होतं. शिकलेलं कामात दिसतं, पण मालकाला रुपयांत दिसत नाही. ते दाखवणं तुमच्या हातात आहे. अडकलेलं किती क्रेडिट तुम्ही मागे लागून मिळवलंत, त्याचा महिनावार कागद ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगातल्या पुरवठादाराला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. वर्षअखेर मुदत उलटून गेलेली बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी आयकरात मिळत नाही. हा नियम २०२३-२४पासूनचा आहे आणि अजून अनेक मालकांना मार्च उलटल्यावर आठवतो. फेब्रुवारीतच उद्यम नोंदणी बघून यादी करा. त्यात व्यापारी आणि मध्यम उद्योग धरायचे नाहीत, नाहीतर यादी उगाच फुगते. ‘या अकरा पार्ट्यांचे पैसे ३१ मार्चच्या आत दिले नाहीत तर एवढा कर वाढेल’ असं एका पानावर द्या.

मग एप्रिल-मे सोडून, ऑडिट संपल्यावर, त्या कागदांसह पगाराचं बोला. रिटर्नच्या आदल्या दिवशी बोललात तर धमकी वाटते. आणि जुनी एंट्रीची कामं कुणाकडे तरी द्या, निदान अर्धवेळ मुलगा-मुलगी मागा; ती मागणी पगारवाढीपेक्षा लवकर मान्य होते. दोन्हींवर वर्षभर टोलवाटोलवी झाली तर बायोडेटा अद्ययावत करून बाहेर पाठवायला हरकत नाही, नमुन्याची शीट प्रश्न १९ प्रमाणे तयार असेलच.